सिस्टरची एसटी

आमच्या ह्यांना काही होवो, उत्तर एकच. "नॉर्मल." अंगात ताप फणफणलेला असो, पाठीत उसण भरलेली असो, नाहीतर माझ्याशी कडाक्याचं भांडण झालेलं असो, विचारणाऱ्याला ते "सगळं नॉर्मल" असंच सांगणार. लग्नानंतर सुरुवातीला मला तो मोठा समजूतदारपणा वाटायचा. ही धाटावची सवय आहे हे पुढे कळलं.

धाटावला एका केमिकल कंपनीत ते प्लांट ऑपरेटर. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा शिफ्टा. शिफ्ट बदलताना जाणाऱ्यानं येणाऱ्याला चार्ज द्यायचा, म्हणजे कुठला पंप चालू आहे, कुठं काय गरम झालंय ते सगळं सांगायचं. चार्ज देताना एखादी तक्रार निघाली की ती निस्तरेपर्यंत जाणाऱ्यालाही थांबावं लागतं, आणि तोवर कंपनीची बस गेटातून गेलेली असते. मोठं काही असेल तर कुणी लपवत नाही. पण बारीकसारीक कुरकुर असली तर तिचं तोंड बस सुटल्यावरच उघडायचं, असा त्यांच्यातला अलिखित कायदा. दुसऱ्याची बस चुकवणारा माणूस त्यांच्या लेखी अगदी हलका.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यातूनच झाला.

गेल्या वर्षी गावच्या शेतात वालाला फुलं आली त्या सुमारास त्यांचा उजवा हात मधूनच थरथरायला लागला. मी विचारलं की "नॉर्मल". मग एकदा कामावर असताना हात असा काही उडायला लागला की बरोबरच्यांनी धरून खाली बसवलं. कंपनीच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला पाठवलं आणि त्यात गाठ निघाली. मेंदूत नाही, मेंदूवरच्या आवरणात. पनवेलच्या पुढच्या एका हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "साधी दिसतेय. घाई नाही, पण काढायची. दिवस ठरवून काढू."

ठरवून मेंदूचं ऑपरेशन! साखरपुड्यासारखा दिवस ठरवून माणसाची कवटी उघडायची, या कल्पनेनंच मला घाम फुटला. अचानक काही झालं तर माणूस धावतो, विचार करायला उसंत नसते. इथे आम्हाला विचार करायला भरपूर वेळ होता आणि त्या वेळानंच माझा जीव खाल्ला.

त्यातच मॅडमनी आणखी एक गोष्ट माझ्या गळ्यात घातली. "ऑपरेशननंतर ह्यांना कुठे ठेवायचं, त्याचा विचार करून या. आयसीयूत की आमच्या मेंदूविकारांच्या वॉर्डात?"

मला वाटलं होतं, डोकं उघडलं म्हणजे आयसीयू आलाच, त्यात विचारायचं काय? मॅडमनी समजावून सांगितलं. पूर्वी सगळ्यांनाच सरसकट आयसीयूत ठेवायचे. आता ठरवून केलेलं ऑपरेशन नीट पार पडलं, पेशंट जागा होऊन बोलायला लागला, हातपाय हलवायला लागला, की काही तास जवळच्या खोलीत नजरेखाली ठेवून मग वॉर्डात नेतात. तिथेही सिस्टर दर तासाला येऊन डोळ्यात बॅटरी मारून बघते, हात दाबायला लावते, प्रश्न विचारते. शिवाय घरचं एक माणूस जवळ राहू शकतं. आयसीयूत मशीन अखंड लक्ष ठेवतं, सिस्टर उशाशीच असते, पण चोवीस तास उजेड, आवाज, झोप नाही. काही पेशंट तर तिथे गोंधळूनच जातात. घरच्यांना काचेबाहेर बसावं लागतं.

"ह्यांच्या बाबतीत मला दोन्ही चालेल," त्या म्हणाल्या. "थिएटरमधून बाहेर आल्यावर शेवटचा शब्द माझा. काही वेगळं दिसलं तर तुम्हाला न विचारता आयसीयूत नेईन. पण सगळं ठीक असेल तर तुमच्या मनाला काय झेपतं, ते मला हवंय."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मॅडमना विचारलं काय, तर "तुमच्याकडं चार्ज कुठं देतात? टेबलावर की बेडजवळ?"

मॅडमना कळेना. मी सांगितल्यावर हसल्या. "बेडजवळ. दोन्ही सिस्टर पेशंटसमोर उभ्या राहून बोलतात."

"मग ठीक हाय," हे म्हणाले. "बाकी हिला विचारा. ही सांगेल ते."

म्हणजे डोकं ह्यांचं आणि डोकेदुखी माझी! एरवी घरात साधा पंखा घ्यायचा तरी मला चार दुकानं फिरवून शेवटी स्वतःचंच खरं करणारा हा माणूस, नेमका इथे मोकळा झाला. रोह्याला परत येईस्तोवर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते लक्षातही आलं नाही. गाडीत मस्त झोपले होते.

मी रोह्याला एका वाचनालयात पुस्तकं देते-घेते. तिथे बातमी पोचायला वेळ लागत नाही. पुस्तक बदलायला येणारा प्रत्येक जण मेंदूचा जाणकार निघाला. एक पेन्शनर म्हणाले, "वॉर्डात? अहो वॉर्डात कोण बघतंय! आयसीयूच सांगा." त्यांच्यामागे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "आयसीयूत गेलेलं माणूस तुम्हाला परत बघायला मिळालं तर देवाची कृपा." मग त्या दोघांचंच जुंपलं. मी कार्डावर शिक्का मारला आणि दोघांनाही म्हटलं, पुढच्याला येऊ द्या.

खरं म्हणजे ते दोघंही माझ्याच पोटातलं बोलत होते. माझे वडील गेले ते आयसीयूत. आत आमच्यापैकी कुणीच नव्हतं. मला त्यांचा शेवटचा चेहरा धड आठवत नाही. आठवतात त्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या आमच्या सगळ्यांच्या चपला. एका ओळीत, नीट लावलेल्या. आतून कुणी औषधं आणायला पिटाळेल तर पटकन पायात घालता येतील म्हणून कुणी हलवल्या नव्हत्या. त्यामुळे आयसीयू म्हटलं की माझे पाय मागे ओढायचे. पण वॉर्ड म्हटलं की दुसरीच धडकी. तिथे ह्यांच्यावर नजर ठेवणारी मी. सिस्टर तासाला एकदा येणार, मधल्या वेळात मीच. मशीन पेंगत नाही. मी दुपारी जेवल्यावर वर्तमानपत्र हातात घेतलं तरी पेंगते. माझा डोळा लागला आणि तेवढ्यात काही झालं तर?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही पेणला गेलो. रामवाडीला माझा मोठा भाऊ राहतो, गणपतीचा कारखाना आहे त्याचा. त्याच्याकडे मुक्काम करून सकाळी पुढे निघायचं ठरलं होतं. कोलाड, खांब करत महामार्गानं आलो. त्या रस्त्याची दशा सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला मी ह्यांच्या मानेखाली हात घालत होते, जणू गाठ आत सुटी होऊन गडगडेल.

"अगो, डोकं हाय ते, नारळ नाय," हे म्हणाले. ड्रायव्हर हसला. मला रडू येत होतं.

दादाचं मत ठरलेलं होतं. "आयसीयू. याच्यात बोलायचं काय? तू डॉक्टर हायस का?"

"डॉक्टरच म्हणाल्या की दोन्ही चालेल."

"त्यांना चालेल. उद्या काय झालं तर आपल्याला चालंल का?"

"आणि बाबांच्या वेळी? तेव्हा आयसीयूच होता ना?"

हे बोलायला नको होतं. तेव्हा आयसीयूचा आग्रह दादानंच धरला होता. तो उठून कारखान्यात गेला आणि कारण नसताना सुकत घातलेल्या मूर्ती इकडच्या तिकडे करत बसला. वहिनीनं माझ्यापुढे ताट सरकवलं. मी ते तसंच मागे सरकवलं.

ह्यांचं मात्र व्यवस्थित चाललं होतं. वालाचं बिरडं दुसऱ्यांदा मागून घेतलं. मी जवळ बसून हळूच विचारलं, "मस्करी नको. खरं सांगा. तुम्हाला कुठं राहायचंय?"

बराच वेळ ते भात कालवत राहिले. मग म्हणाले, "आत काचेत कोण चा देणार हाय मला?"

एवढंच. पण इतक्या वर्षांत माझ्या चहाचं त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. आणि मला त्यातली भीती ऐकू आली. माझा नवरा घाबरलेला होता. घाबरलेला असताना त्याला मी जवळ हवी होते. मी तिथेच ठरवलं, वॉर्ड. दादाला सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला, आणि सकाळी गाडी चालवताना हॉस्पिटलच्या दारापर्यंत एक अक्षर बोलला नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. मॅडम बाहेर आल्या, मास्क खाली केला आणि म्हणाल्या, "पूर्ण निघाली. जागे झालेत, नाव-गाव सांगितलं, चारी हातपाय हलवतायत. मला वॉर्डात न्यायला हरकत दिसत नाही. तुमचं काय?"

"वॉर्ड," मी म्हटलं. शब्द तोंडातून निघून गेल्यावर परत गिळावासा वाटला. दादा भिंतीकडे बघत होता.

ती रात्र नीट गेली. सिस्टर तासातासाला येत होती आणि मी तिच्या आधीच जागी असायची. सकाळी दुसरी सिस्टर आली, तरुण, हसरी, पेणचीच निघाली. झालं! ह्यांना आपल्याकडची भेटली. डोक्याला एवढं मोठं बँडेज आणि चौकशा काय, तर कुठल्या आळीतली, रोज येतेस कशी. ती म्हणाली, "एसटीनं, काका. शिफ्ट सुटली की धावत सुटते. मुलगी पाळणाघरात असते ना."

हे "व्हय का," म्हणाले आणि गप्प झाले. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

दुपारी शिफ्ट बदलली. दोन्ही सिस्टर बेडशी उभ्या राहिल्या. चार्ज द्यायला सुरुवात झाली तशी हे जरा ताठ झाले, आपल्याच प्लांटमध्ये असल्यासारखे. जाणारीनं सगळं सांगितलं आणि ह्यांच्याकडे वळून विचारलं, "काका, डोकं दुखतंय? मळमळ? काही वाटतंय?"

"नाय. सगळं नॉर्मल."

"हात दाबा बघू माझे."

दाबले. तिनं लिहिलं, नव्या सिस्टरनं मान डोलावली. जाताना ती मला म्हणाली, "काकांची गाडी मस्त चाललीय." मला इतकं हलकं वाटलं की मी खुर्चीत पहिल्यांदाच मागे टेकून बसले.

थोड्या वेळानं चहा आला. ह्यांना चहा बशीतच लागतो. बशी भरून त्यांच्या उजव्या हातात दिली. ती कलली. चादरीवर चहा सांडला. ह्यांनी बशी हळूच डाव्या हातात घेतली आणि उरलेला चहा प्यायले. मी टॉवेल शोधत होते. सांडला असेल, झोपून प्यायचं म्हणजे सांडणारच.

मग त्यांनी विचारलं, "गेली का गो?"

"कोण?"

"एसटी. सिस्टरची."

"गेली असेल आता. का?"

"मग सांगतो," ते म्हणाले. आवाज जड येत होता, जीभ उचलायला श्रम पडत असल्यासारखा. "चार्जच्या आधीपासून डोकं फुटतंय. आणि आता ह्या हाताला जोर नाय."

मी आयुष्यात बरीच भांडले आहे, पण त्या वॉर्डात मी जी ओरडले तशी कधीच नाही. सिस्टर धावत आली. पाठोपाठ डॉक्टर. ह्यांना तेवढ्यात उलटी झाली. डोळ्यात बॅटरी, हात दाबा, पाय उचला, आणि बघता बघता पलंगच चाकांवरून स्कॅनला निघाला. मी मागे पळत होते. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त संताप होता. मेंदू उघडून शिवलेला माणूस, आणि ह्याला काळजी एसटीची!

आत सूज वाढली होती, थोडं रक्त साकळलं होतं. मॅडम म्हणाल्या, औषधांनी उतरेल असं वाटतंय. नाही उतरलं तर परत उघडावं लागेल. तोवर आयसीयू. या वेळी कुणी मला विचारलं नाही.

दाराशी चपला काढल्या. आधीच पाच-सात जोड होते. मी माझ्या त्या ओळीत ठेवल्या नाहीत. उचलून पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले. वेडेपणा होता, पण त्या तिथे ठेवायचं धाडस मला झालं नाही.

दादा संध्याकाळी आला. "मी सांगत होतो," एवढं तो म्हणेल म्हणून मी तयारच होते. म्हणाला असता तर बरंही वाटलं असतं, मला भांडता आलं असतं. तो नुसता शेजारी बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "माझ्याकडून बाबांच्या वेळी चुकलं काय गो?" मी म्हटलं, "नाय रे." मग आम्ही दोघंही काचेकडे बघत बसलो. मलाही कुणीतरी "नाय गो" म्हणायला हवं होतं, ते त्याला सुचलं नसावं.

सकाळी मॅडम भेटल्या. सूज वाढलेली नव्हती. मी त्यांना सरळच विचारलं, "मी आयसीयू म्हटलं असतं तर हे टळलं असतं?"

"सूज टळली नसती," त्या म्हणाल्या. "कळलं असतं का आधी? कदाचित थोडं आधी. पण तिथेही सिस्टरनं हेच विचारलं असतं ना, डोकं दुखतंय का. त्यावर ते काय म्हणाले असते?"

"नॉर्मल."

"बघा." मग म्हणाल्या, "तुम्हाला खोटा धीर देणार नाही. मलाही माहीत नाही. पण तुम्ही दिलेलं उत्तर त्या वेळी चुकीचं नव्हतं."

हे "त्या वेळी" माझ्याबरोबर घरापर्यंत आलं. अजून आहे.

पेणची सिस्टर कामावर आल्या आल्या, वॉर्डात सगळा प्रकार ऐकून, आयसीयूत येऊन गेली. मला भेटायला आत सोडलं होतं तेव्हाच ती पलंगाशी उभी होती, डोळे लाल. हे जागे होते, औषधांनी सुस्तावलेले. ती म्हणाली, "अहो काका, मागनं दुसरी एसटी होती की हो!"

ह्यांनी डोळे मिटले. एवढे ओशाळलेले मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ती गेल्यावर पुटपुटले, "दुसरी व्हती व्हय."

सूज उतरली. परत उघडावं लागलं नाही. परत वॉर्ड, मग काही दिवस रामवाडीला दादाकडे, मग रोहा. हातात जोर हळूहळू आला. बशी अजून दोन्ही हातांनी धरतात, पण सांडत नाहीत. मी मात्र बिघडले. ते झोपले की श्वास बघायचा, उठले की हात दाबायला लावायचे, आणि दिवसातून शंभरदा विचारायचं, दुखतंय का? आणि दर वेळी तेच. "नॉर्मल." या शब्दाची मला आता शिसारी आली होती. हॉस्पिटलात निदान दुसरं कुणीतरी विचारणारं होतं. इथे आयसीयू मी, वॉर्ड मी, आणि पेशंट खोटं बोलणारा. एकदा भांडी आपटत मी त्यांना म्हटलं, "तुम्ही खरं सांगणार नसाल तर मी जवळ बसून उपयोग काय? त्यापेक्षा मशीन बरं!"

पुढे वाचनालय पुन्हा सुरू केलं, अर्धा दिवस. तेवढ्या वेळात शेजारीण येऊन-जाऊन बघणार होती. पहिल्या दिवशी रिक्षा दाराशी उभी. रिक्षावाला घाईत, त्याला पुढे स्टेशनवर गाडीतून उतरणारं गिऱ्हाईक गाठायचं होतं, हॉर्नवर हॉर्न चाललेला. औषधं काढून ठेवली, पाणी ठेवलं, पिशवी खांद्याला लावली. दारातून वळून विचारलं, "काही दुखतंय?"

हे खाटेवर बसले होते. एकदा रिक्षाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पुन्हा हॉर्न वाजला.

"थांब गो," ते म्हणाले. "डोकं दुखतंय."

पुन्हा सूज, हेच पहिलं मनात आलं. आणि त्याच क्षणी, देवाशपथ सांगते, मला इतका आनंद झाला की दाराची चौकट धरावी लागली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच कुणाची तरी गाडी चुकवली होती.

रिक्षावाल्याला म्हटलं, जा तू. पिशवी खाली ठेवली, खुर्ची खाटेजवळ ओढली. कुठे दुखतंय, कधीपासून, किती, हात दाबा बघू. त्यांनी एकेक करून सगळं सांगितलं.